भीमथडीची जलभाषा : बेट, थडी, उतार आणि फुगवटा

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, अशी व्याख्या शालेय भूगोलात शिकविली जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र या व्याख्येत न बसणारी दोन बेटे आहेत. दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला सुपीक पट्टा 'राहू बेट' या नावाने ओळखला जातो. शिरूर तालुक्याच्या उत्तरेस घोड आणि कुकडी या नद्यांच्या परिसरातील टाकळी हाजी, जांबूत, पिंपरखेड आदी गावांच्या टापूला 'बेट भाग' म्हणतात. उसातील बिबट्यांच्या बातम्यांमुळे हे नाव अलीकडे राज्यभर पोहोचले. उत्तर भारतात ज्याला 'दोआब' म्हणतात, त्यालाच भीमाकाठच्या मराठीने 'बेट' म्हटले आहे.

समुद्रापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर अंतरावर असलेल्या या दोन तालुक्यांत भरती नाही, ओहोटी नाही आणि बंदरही नाही. तरीही पाण्याची स्वतंत्र भाषा येथे घडली. नदी कोठे ओलांडावी, कोठे पोहू नये, कोठे पेरावे आणि कोठे खणले असता पिण्याचे पाणी लागेल, याची माहिती एकेका शब्दात साठविलेली ही भाषा आहे. गेल्या सुमारे पाच दशकांत धरणे, कालवे आणि वाळूउपसा यांनी नदीचे रूप पालटले, तशी ही शब्दसंपत्तीही पालटली. काही शब्द मागे पडले, काही नव्याने आले आणि काहींचे अर्थच बदलले. त्याचा हा आढावा.

नद्या आणि 'थडी'

भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावते. खेड तालुका ओलांडून ती शिरूर आणि हवेली, पुढे शिरूर आणि दौंड यांच्या सीमेवरून वाहत जाते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातील वाळकी यांच्या दरम्यान पुण्याहून येणारी मुळा-मुठा तिला मिळते. आंबेगाव तालुक्यातून येणारी घोड नदी वाटेत कुकडीला सामावून घेते आणि पुढे दौंड व श्रीगोंदा तालुक्यांच्या हद्दीवर भीमेत विलीन होते. शिरूर शहराला जुनी माणसे आजही 'घोडनदी' म्हणतात. नदीचे नाव गावाला लागल्याचे याहून ठळक उदाहरण जिल्ह्यात क्वचितच आढळेल.

'थडी' म्हणजे नदीचा काठ. नदीच्या अलीकडची ती ऐलथडी, पलीकडची ती पैलथडी. दोन्ही काठ भरून वाहणारी नदी 'दुथडी' भरून वाहते. भीमेच्या काठचा मुलूख तो 'भीमथडी', गोदावरीच्या काठचा 'गंगथडी'. ब्रिटिश अमदानीत दौंड आणि बारामतीचा परिसर भीमथडी याच नावाच्या तालुक्यात मोडत असे. मराठ्यांच्या घोडदळातील काटक भीमथडी तट्टांनी हे नाव मुलखाबाहेर नेले. राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतातही त्याचा उल्लेख आहे. २०२३ मध्ये या गीताला राज्यगीताचा दर्जा मिळाला. तालुक्याचे जुने नाव सरकारी दप्तरातून गेले, तरी ते गाण्यात उरले.

नदीकाठच्या वस्तीचा या भागातील इतिहास बराच जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. पुराचे पाणी वळवून शेताकडे नेण्यासाठी घातलेला बांध आणि खोदलेला पाट हा तेथील महत्त्वाचा पुरावा मानला जातो. 'बांध' आणि 'पाट' या वस्तू घोडकाठी किमान तीन हजार वर्षे जुन्या आहेत, असे म्हणता येते.

पात्रातील शब्द

'पात्र' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात : एक भांडे आणि दुसरा नदीचा तळ. नदी म्हणजे पाण्याचे भांडे ही कल्पना भाषेत अशी सहज रुजलेली आहे. या पात्रातील प्रत्येक जागेला पूर्वी वेगळे नाव होते. खोल, संथ पाण्याची जागा म्हणजे डोह. पाणी गरगर फिरून खाली ओढते तो भोवरा. उभा, ढासळणारा काठ ती दरड. जनावरे जेथे पाण्यावर येतात आणि माणसे पाणी भरतात तो पाणवठा.

यातील 'उतार' हा शब्द विशेष महत्त्वाचा. सर्वसाधारण मराठीत उतार म्हणजे चढाच्या उलट जाणारी जमीन. नदीकाठी मात्र 'नदीला उतार आहे' याचा अर्थ पायी किंवा गाडीबैलांसह पलीकडे जाता येईल इतके पाणी उथळ आहे, असा होतो. पूल नव्हते त्या काळी कोणत्या गावाला उतार आहे आणि तो कोणत्या महिन्यापासून मिळतो, यावर बाजार, सोयरिकी आणि लष्कराच्या हालचालीही अवलंबून असत. पूल झाले आणि या अर्थाने उतार विचारण्याचे कारण संपले.

'वाळवंट' या शब्दाचेही असेच आहे. शहरी वाचकाला या शब्दाने राजस्थान आठवतो. भीमाकाठी वाळवंट म्हणजे नदीच्या पात्रातील वाळूचा विस्तीर्ण पट्टा. पंढरपुरास भीमा चंद्रभागा होते आणि तेथील वाळवंट वारकऱ्यांच्या परिचयाचे आहे. दौंड-शिरूरच्या वाळवंटाचा उपयोग अधिक व्यावहारिक होता. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातील वाळूत हातभर खड्डा खणत आणि त्यात पाझरून येणारे निवळ पाणी वाटीने भरून घेत. या खड्ड्याला 'झिरा' म्हणतात. झिऱ्याचे पाणी वाळूतून गाळून आलेले असल्यामुळे ते पिण्यास चांगले मानले जाई.

पूर ओसरल्यावर काठाला मागे राहिलेल्या गाळाच्या जमिनीला 'मळई' म्हणतात. महसुली कागदपत्रांतही हा शब्द आढळतो. आता त्याच्या जोडीला 'गाळपेर' हा शब्द आला आहे. धरणाचे पाणी जसजसे मागे हटते, तसतशी उघडी पडणारी गाळाची जमीन हंगामापुरती पेरणे म्हणजे गाळपेर.

शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी व निघोज यांच्या दरम्यान कुकडीच्या पात्रात दिसणाऱ्या 'रांजणखळग्यां'ची ख्याती दूरवर पसरली आहे. बेसाल्टच्या कातळातील खाचेत अडकलेले दगडगोटे पाण्याच्या प्रवाहाबरोबर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत कातळ रांजणासारखा कोरला जातो. या शास्त्रीय घटनेसाठी मराठी भूगोलाने परका शब्द न घेता घरातल्या पाण्याच्या रांजणावरून नाव बेतले. पाहणाऱ्याला त्या नावातूनच आकार कळतो.

होडी, सांगड आणि काहील

अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचे देवस्थान अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्यात, भीमेच्या पैलथडीला आहे. दौंडहून जाणाऱ्या भाविकांना पूर्वी शिरापूर येथे उतरून होडीने नदी ओलांडावी लागे. आता तेथे पूल असून वाहने थेट मंदिरापर्यंत जातात. नदी ओलांडण्याच्या अशा होडीच्या सोयीला मराठीत 'तर' असे नाव आहे. कोकणातील खाड्यांवर हा शब्द अद्याप ऐकू येतो. देशावर पुलांबरोबर तो मागे पडला.

होडी नसेल तेव्हा 'सांगड' उपयोगी पडे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा किंवा एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या म्हणजे सांगड. दोन भिन्न गोष्टींची 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार संपादकीय लेखांतून रोज वाचावयास मिळतो. त्याचे मूळ नदीच्या पाण्यात आहे, याची जाणीव फार थोड्यांना असेल. 'थांग न लागणे' हाही असाच एक प्रयोग. पाण्याचा तळ पायाला किंवा बांबूला लागला नाही की थांग लागला नाही.

ऊस आणि गुऱ्हाळे वाढली तशी 'काहील' नदीत उतरली. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करण्याची लोखंडी, उथळ आणि मोठी कढई. पूर आला, वस्ती पाण्याने वेढली आणि होडी मिळाली नाही की याच कढईत माणसे बसवून पैलतीरी नेल्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात अनेक ठिकाणी घडली आहेत. स्वयंपाकाचे भांडे आणि जलवाहन यांतील अंतर असे नाहीसे होते.

या संदर्भात युरोपातील बास्क भाषेचे उदाहरण उद्बोधक ठरावे. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, बिस्केच्या उपसागराकाठी बोलल्या जाणाऱ्या या भाषेचे जगातील कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. बास्क दर्यावर्दी सोळाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीसाठी अटलांटिक ओलांडून कॅनडातील लॅब्राडोरपर्यंत जात असत. सतराव्या शतकात आइसलँडमध्ये बास्क आणि आइसलँडी शब्दांच्या याद्या तयार झाल्या. खलाशी आणि किनाऱ्यावरील लोक यांच्यातील व्यवहाराच्या त्या खुणा आहेत. या दर्यावर्दी भाषेत जहाजासाठी 'इत्सासोन्त्सी' हा शब्द आहे. 'इत्सासो' म्हणजे समुद्र आणि 'ओन्त्सी' म्हणजे भांडे. अटलांटिकवरील जहाज आणि भीमेवरील काहील यांच्यामागची कल्पना एकच आहे.

देशावरचा नांगर, किनाऱ्यावरचा नांगर

मराठीला समुद्राची भाषा नाही, असे नव्हे. कोकण किनाऱ्यावर शीड, डोलकाठी, वल्हे, सुकाणू, नाळ, मचवा, गलबत, तांडेल, नाखवा अशी समृद्ध शब्दसंपत्ती नांदत आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन आरमाराने तिला राज्यकारभारात स्थान दिले. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्य यांनी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. या शब्दांतील अनेक अरबी-फारसी व्यापाऱ्यांबरोबर आले. 'सुकाणू' आणि 'गुराब' ही अरबी मुळाची नावे. गुराब म्हणजे मुळात कावळा. 'बंदर' फारसीतून आले, 'कप्तान' पोर्तुगिजांनी आणला.

'नांगर' या शब्दात देश आणि किनारा एकत्र येतात. शिरूरच्या शेतकऱ्याचा नांगर संस्कृत 'लांगल'पासून आला. जहाज जागी धरून ठेवणारा नांगर फारसी 'लंगर'पासून. दोन वेगळी मुळे मराठीत एकाच उच्चारात मिसळली. एक नांगर जमीन मोकळी करतो, दुसरा जहाज जखडून ठेवतो. समुद्र न पाहिलेला माणूसही 'उत्साहाला उधाण आले', 'लोकप्रियतेला ओहोटी लागली', 'पक्षाचे सुकाणू हाती घेतले' असे बिनदिक्कत बोलतो. किनाऱ्याचे शब्द घाट चढून आले, पण ते मुख्यत्वे अलंकार म्हणून. प्रत्यक्ष पाण्याशी वागण्याचे शब्द देशावरच्या नद्यांनीच पुरविले.

दुसऱ्याच्या पावसाची नदी

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. भीमा आणि घोड यांच्या उगमाकडे तो कित्येक पट अधिक असतो. त्यामुळे गावावर आभाळ कोरडे असताना नदी दुथडी भरून वाहताना दिसते. नदीचा पूर हा दुसऱ्याच्या पावसाचा, तर शेताची ओल ही आपल्या पावसाची, असा भेद येथे पूर्वापार आहे.

म्हणूनच पावसाच्या नावांबाबत येथील शेतकरी काटेकोर आहे. मान्सूनपूर्व गडगडाटी सरींचा तो वळीव. संथपणे अनेक दिवस लागून राहते ती झड. सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर पेरणीची वाट पाहावयाची. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा'. पूर्व भागाची खरी भिस्त असते ती हस्त नक्षत्राच्या आणि परतीच्या पावसावर. रब्बीच्या ज्वारीचे भवितव्य त्यावरच ठरते. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना फार ओली ना कोरडी, नांगराला अगर पाभरीला योग्य अशी होते, त्या स्थितीला 'वाफसा' म्हणतात. एका शब्दात मातीची ओल, हवा आणि कामाची वेळ या तिन्हींचा निर्देश होतो.

धरणानंतरची भाषा

सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा या तालुक्यांतील भीमेचा दीर्घ पट्टा जलाशयाखाली गेला. या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. धरणाने अडविलेले पाणी नदीत मागे जेथवर चढते त्याला 'फुगवटा' म्हणतात. पूर्वीच्या भाषेत नदी चढत असे आणि उतरत असे. आता ती फुगते. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाणी खाली गेले की उघडे पडते आणि वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे झळकतात.

धरणाबरोबर मोजमापाची भाषा आली. 'क्यूसेक' म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाण्याचा प्रवाह. 'टीएमसी' म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. साडेअकरा हजार क्यूसेकचा 'विसर्ग' अहोरात्र चालला तर जवळपास एक टीएमसी पाणी जमा होते, हे गणित ध्यानात ठेवले की पावसाळ्यातील बातम्या सहज उलगडतात. पुण्याच्या धरणांतून सोडलेले पाणी बंडगार्डनला मोजले जाते, पुढे दौंडला मोजले जाते आणि मग उजनीत पोहोचते. सोलापूरच्या वाचकाच्या लेखी पावसाळ्यात 'दौंड' हे गावाचे किंवा रेल्वे जंक्शनचे नाव राहत नाही. 'दौंडचा विसर्ग किती' एवढाच त्याचा अर्थ उरतो.

'मृतसाठा' हा या शब्दावलीतील सर्वांत दिशाभूल करणारा शब्द. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी सुमारे ६३.६६ टीएमसी मृत आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा मानला जातो. धरणाची टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणूनच पाणी त्याखाली गेले की आकडा 'उणे' होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. 'उणे' असूनही जलाशयात पाणी कसे, असा प्रश्न शहरी वाचकास पडतो, त्याचे उत्तर हेच आहे. निम्म्याहून अधिक पाणी सरकारी भाषेत 'मृत' असले, तरी उन्हाळ्यात मच्छीमारांची जाळी, काठच्या गावांच्या पाणीयोजना आणि पाणपक्षी याच पाण्यावर जगतात.

कालव्यांनीही आपली भाषा आणली. 'आवर्तन' म्हणजे ठरावीक काळाने कालव्याला सोडले जाणारे पाणी. ते चारीतून शेतावर येते. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असून त्यांच्या खांबांमधील फटीत 'ढापे' टाकून पाणी अडवितात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. नदीचा प्रवाह आता ऋतूइतकाच कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर अवलंबून आहे.

अंतर्देशीय समुद्र आणि शब्दांची उणीव

उजनीच्या फुगवट्याने या भागाला प्रथमच लाटांच्या विस्तीर्ण पाण्याशेजारी आणून ठेवले. पूर्वी उताराने ओलांडली जाणारी नदी अनेक ठिकाणी मैलभर रुंद झाली आणि समोरासमोरची गावे रस्त्याने दूर पडली. त्यांच्यात होडीची ये-जा सुरू राहिली. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला.

किनाऱ्यावरील मराठीत वाऱ्याला आणि पाण्याच्या स्वभावाला स्वतंत्र नावे आहेत : दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे, अमावस्या-पौर्णिमेचे उधाण. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून हे शब्द घडले आणि कोणत्या वेळी होडी पाण्यात घालू नये, याचे शिक्षण त्यांतून आपोआप मिळत गेले. भीमाकाठी डोह, भोवरा आणि लोंढा यांचे ज्ञान होते. मैलभर रुंद, उघड्या पाण्यावरील वाऱ्याचे नव्हते. जलाशयाचे वय जेमतेम साडेचार दशकांचे आहे. नदीची भाषा बोलणाऱ्यांच्या दारात समुद्राचा स्वभाव आला, आणि त्यासाठीचे शब्द अद्याप घडावयाचे आहेत. तोवर प्रवासी होड्यांवरील जीवरक्षक जाकिटे, वाऱ्याचा इशारा आणि प्रवासीसंख्येची मर्यादा यांची भाषा तरी काटेकोरपणे पाळली जाणे अगत्याचे आहे.

मासे आणि पक्षी

भीमेतील माशांत मरळ आणि वाम ही जुनी, नावाजलेली नावे. धरणानंतर बीज सोडल्याने कटला, रोहू आणि मृगळ हे उत्तरेकडील नद्यांचे मासे ओळखीचे झाले. आज भिगवणच्या मासळी बाजारात सर्वाधिक ऐकू येणारे एक नाव म्हणजे 'चिलापी'. मूळ आफ्रिकेतील टिलापिया हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. येथील मच्छीमारांनी त्याचे नाव जिभेला सोयीचे करून घेतले आणि पाहुणा मासा घरचा झाला. स्थानिक माशांना मात्र त्याची स्पर्धा जड गेली.

पक्ष्यांची नावे सुदैवाने चांगली जतन झाली आहेत. फुगवट्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात येणारा फ्लेमिंगो मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणून ओळखला जातो. चित्रबलाक, मुग्धबलाक, चक्रवाक, नदी सुरय ही येथील अन्य नावे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (निधन २०२५) यांनी वनखात्यातील सेवेत आदिवासी, पारधी आणि मच्छीमार यांच्याकडून ऐकलेली नावे टिपून 'पक्षीकोश' सिद्ध केला. पाणपक्ष्यांच्या वसाहतीसाठी 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' हे शब्द त्यांनीच रूढ केले. कुंभारगाव परिसरातील मच्छीमार आज पक्षीनिरीक्षकांना आपल्या होडीतून नेतात. त्यामुळे कोशातील नावे होडीत परतली असून नव्या पिढीच्या नावाड्यांना ती तोंडपाठ आहेत.

'बोट' शब्दाचा बदललेला अर्थ

सर्वांत मोठा बदल 'बोट' या शब्दाच्या वाट्याला आला. दौंड आणि शिरूर तालुक्यांतील महसूल व पोलीस खात्यांच्या कारवायांच्या बातम्यांत बोट म्हणजे प्रवाशांची वा मच्छीमारांची होडी नव्हे. ती असते पात्रातील वाळू यंत्राने खेचून काढणारी 'सक्शन बोट' आणि ती वाहून नेणारी 'फायबर बोट'. बेकायदा उपशात सापडलेल्या अशा बोटी जिलेटिनच्या स्फोटाने उडवून दिल्याची वृत्ते अनेकदा प्रसिद्ध झाली आहेत. 'ब्रास' म्हणजे शंभर घनफूट. वाळूचे हे माप नदीकाठी आता टीएमसीइतकेच परिचित झाले आहे.

वाळू गेली की तिच्याबरोबर कोणते शब्द जातात, याची यादी करता येते. वाळवंट राहत नाही. वाळूच नसल्याने झिरा खणता येत नाही. ठिकठिकाणी खोल खड्डे पडल्याने उताराचा भरवसा राहत नाही. डोह कोठे आहे हे गावाला ठाऊक असे; उपशाचा खड्डा कोठे आहे हे पाण्यावरून कळत नाही आणि पोहणारा त्यात फसतो. वरच्या अंगाने येणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते, तेव्हा तर पाणी दिसणेच बंद होते. शब्द हरवतो तो केवळ विस्मरणाने नव्हे. तो ज्या वस्तूचा होता ती वस्तू पात्रातून उचलली गेलेली असते.

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये, तर सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यानंतर दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड १९३२ पासून प्रसिद्ध झाले. या कोशांत नदीकाठचे अनेक शब्द सुरक्षित आहेत. तथापि कोशातील शब्द आणि वापरातील शब्द यांत फरक असतो. 'उतार' कोशात राहिला तरी त्याने नदी ओलांडता येत नाही. उलट 'विसर्ग' आणि 'आवर्तन' यांच्यावाचून आजच्या शेतकऱ्याचे चालत नाही. ते शब्द टाकाऊ नव्हेत. नवी भाषा पाणी दुरून मोजते, तर जुनी भाषा पाण्यात पाय घालून ते ओळखत असे. भीमथडीला या दोन्हींची गरज आहे. डोह, झिरा, मळई आणि वाळवंट यांच्या जागा ज्यांना ठाऊक आहेत अशी वडीलधारी माणसे, भोई-कोळी समाजातील मच्छीमार आणि जुने शेतकरी गावोगावी अद्याप आहेत. त्यांच्याकडून गावच्या नदीचा नकाशा नावांसह काढून घेणे शाळेच्या एका सहलीत होण्याजोगे काम आहे. पात्र पुन्हा पूर्ववत करण्याचा विचार कधी झाला, तर त्यात काय काय होते, हे त्या नकाशावरूनच समजेल.

आणखी काही शब्द

ओघळ : पावसाच्या पाण्याने जमिनीत पडलेली लहान घळ.

ओढा : पावसाळ्यात वाहणारा, नदीला मिळणारा लहान प्रवाह.

पाणलोट : ज्या क्षेत्रातील पाणी एकाच प्रवाहाकडे उतरते ते क्षेत्र.

पाणथळ : वर्षातील बराच काळ पाणी साचून राहणारी जागा, पक्ष्यांचे आवडते ठिकाण.

चिबड : पाण्याचा निचरा न झाल्याने नापीक होत चाललेली जमीन. कालव्याखालील उसाच्या पट्ट्यातील ही व्यथा.

बारव : पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी बांधीव विहीर.

लोंढा : अचानक वेगाने आलेला पुराचा प्रवाह.

सांडवा : धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट.

शेजपाळी : कालव्याचे पाणी शेतकऱ्यांना क्रमवारीने देण्याची पद्धत.

तराफा : लाकूड, बांबू वा अन्य तरंगत्या वस्तू बांधून केलेले सपाट वाहन; अलीकडे थर्माकोलचाही करतात.

पैलतीर : नदीचा पलीकडचा काठ, संतसाहित्यात संसारापलीकडचा किनारा.